ओदीलच्या सवतीची दुरुस्ती

रेआल बेरुबे नोव्हेंबरात गेला. पत्त्यांच्या क्लबात, मटाराच्या सूपचा दुसरा वाडगा संपवून, हातात चांगली पानं असताना. पानं चांगली होती हे आम्हाला कळलं, कारण समोर बसलेल्या त्याच्या धाकट्या भावाने, लाझारने, डॉक्टर येईपर्यंत ती उलटून बघितली होती.

मी युगेत. रेआल आणि त्याची बायको ओदील यांच्या समोरचं घर माझं. मध्ये फक्त रस्ता, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फाचा ढीग. ओदीलचं घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान होतं. सांत-प्रिस्का गावातल्या प्रत्येक बाईचं डोकं तिच्या हाताखालून गेलेलं, आणि त्या डोक्यांत काय चाललंय तेही तिला ठाऊक. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने दुकान बंद केलं. पण बोलणं बंद केलं नाही.

घरामागे रेआलचं वर्कशॉप, आणि वर्कशॉपात ताडपत्रीखाली ती बर्फगाडी. ओदीलच्या सासऱ्यांची, म्हाताऱ्या एल्फेजची. आमच्या लहानपणी हिवाळ्यात रस्ते मोकळे करत नसत, तेव्हा डॉक्टर, टपाल, शाळेची पोरं आणि मेलेली माणसं, सगळी याच गाडीतून जायची. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टे, पोटात बारा माणसं, जहाजासारख्या गोल खिडक्या. इंजिन मागच्या बाजूला, त्यामुळे शेवटच्या बाकावर बसणाऱ्याचं बूड गरम आणि कान कायमचे बाद.

रेआल ही गाडी दुरुस्त करणार होता. बावीस वर्षं करणार होता. दर शनिवारी लाझार आणि आणखी दोघं यायचे, चौघं मिळून ताडपत्री वर करायचे, आत बघायचे, मान हलवायचे, ताडपत्री खाली सोडायचे आणि तिच्यावर बिअरच्या बाटल्या मांडून बसायचे. याला ते काम म्हणत. ओदील त्या गाडीला सवत म्हणायची. "खरी सवत असती," ती मला सांगायची, "तर त्याने तिला निदान हात तरी लावला असता."

रेआलची माती झाली आणि पंधरवड्याने ओदीलने भंगारवाल्याला फोन केला. तिला वर्कशॉपात स्वतःची मोटार ठेवायची होती. जन्मभर रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून तिला वीट आला होता. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी लाझार आला. ओदीलने त्याला मेपलच्या पाकातला केक वाढला होता, मीही तिथेच होते.

"गाडी भंगारात?" लाझारचा चमचा वाटेतच थांबला. "वहिनी, ती बाबांची गाडी. घराण्याची वस्तू आहे."

"मग घराण्याने घेऊन जावी."

"माझ्याकडे जागा कुठाय?"

"गोठा रिकामाच आहे की तुझा. गायी विकून जमाना झाला."

लाझार जरा गडबडला. "गोठ्यात सामान आहे," म्हणाला. "राहू दे ना इथेच. आम्ही करू की. येत्या उन्हाळ्यात."

"तुमच्या येत्या उन्हाळ्याची वाट बघत मी म्हातारी झाले. भंगारात द्यायची नाही, तुम्ही न्यायची नाही. ठीक आहे. मीच दुरुस्त करते आणि विकून टाकते."

लाझार हसला. दुष्टपणाने नाही, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वहिनी, ते इंजिन आहे गं. केस वाळवायचं मशीन नाही."

ओदीलने त्याच्यासमोरची केकची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. अर्धा केक त्याच्या तोंडात होता म्हणून तेवढा वाचला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तो हात हलवत परत गेला.

ओदीलला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तिला जे येत होतं ते तिने आधी केलं, वर्कशॉप झाडून पुसून लख्ख केलं. उंदरांची घरटी, बाटल्या, आणि एक बादलीभर गंजकी लोखंडं कचऱ्यात गेली. मला वाटलं होतं, या सगळ्यात रेआलचं काहीतरी हाती लागेल, रडायला कारण होईल असं. लागली ती जिनची अर्धी बाटली. ती आम्ही दोघींनी संपवली.

मग आले फादर बोनिफास. आमची पोरं हल्ली फादर होत नाहीत, त्यामुळे बिशप ते लांबून मागवतात. हे टोगोचे, गरम देशातले. चार गावांची चर्चं सांभाळायचे, दोन हिवाळे काढले होते, आणि सप्टेंबरपासूनच कानटोपी घालायचे. सांत्वनाला आले, आणि ओदील दिवाणखान्यात नाही म्हणून मागे गेले. तिथे ही गाडीखाली आडवी.

"मादाम बेरुबे, देव रेआलच्या आत्म्याला..." एवढं म्हणून ते थांबले. "हे इंजिन सहा नळकांड्यांचं का?"

ओदील गाडीखालून बाहेर आली. "तुम्हाला कळतं यातलं?"

"माझ्या वडिलांचं तिकडे लोमे शहरात ट्रकचं गॅरेज होतं. मी गॅरेजमध्येच लहानाचा मोठा झालो."

तिने रेआलचा कामाचा डगला त्यांच्या अंगावर टाकला. त्यात दोन बोनिफास मावले असते. सांत्वन तिथेच संपलं.

पुढचे काही आठवडे फादर दर मंगळवारी आणि गुरुवारी येत. भराभर खोलत. प्रत्येक भागाचं नाव सांगत, त्यावर छोटं प्रवचन देत, आणि तो टेबलावर ठेवत. टेबल भरलं, मग दुसरं भरलं. एक दिवस ओदील म्हणाली, "फादर, आता एखादी वस्तू परत बसवून दाखवा बघू."

फादर बराच वेळ हात पुसत राहिले. "खरं सांगू का," ते म्हणाले. "मी सतरा वर्षांचा असताना एका ट्रकची गिअरबॉक्स जोडली. तो ट्रक नंतर चार गिअरांत मागे आणि एका गिअरात पुढे जायला लागला. त्याच संध्याकाळी माझ्या वडिलांना जाणवलं की मला देवाची हाक आली आहे."

ओदील स्टुलावर बसली आणि रेआल गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग म्हणाली, "गॅरेज आता कोण चालवतं?"

"माझी बहीण. आफी."

"लावा फोन."

आफी फोनच्या पडद्यावर आली तेव्हा तिच्या मागे उन्हात चार ट्रक उभे होते आणि ती कुणावर तरी ओरडत होती. तिने ती दोन भरलेली टेबलं पाहिली, मग भावाच्या हाताकडे पाहिलं.

"बोनी, तो पाना खाली ठेव."

"आफी, मी फक्त..."

"आधी पाना खाली. हां. आता त्या मावशींना पुढे येऊ दे."

तिथून खरं काम सुरू झालं. आफी पलीकडून सांगायची, ओदील करायची, फादर फोन धरायचे. आफीने कधी बर्फ पाहिला नव्हता. "गाडी कशासाठी आहे ही?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"बर्फावरून जायला," ओदील म्हणाली.

"कुठे?"

"दुसऱ्या गावाला."

"तिथे बर्फ नाही?"

"तिथेही आहे."

आफीने थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली. "आपल्याला काय. करून देऊ."

इंजिन गंजून जाम होतं. आफीने सांगितलं, प्लग काढा, सहाही नळकांड्यांत तेल ओता आणि घाई न करता मुरू द्या. तो दिवस नेमका राख-बुधवार होता, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला. फादरांनी सकाळी ज्या हातांनी आमच्या कपाळाला राख लावली त्याच हातांनी दुपारी तेल ओतलं. "ईस्टरपर्यंत कुणी हात लावू नका," ते म्हणाले. "उठायचं असेल तर तेव्हा उठेल." चर्चमध्ये असं बोलले असते तर पाठीमागच्या बाकावरच्या बायकांनी बिशपला कळवलं असतं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ओदीलने इंजिनाच्या पुढच्या बोल्टला पाना लावला, पान्यावर गजभर लांब नळी चढवली आणि नळीवर स्वतःचं सगळं वजन टाकलं. काही नाही. मग ती नळीवर उड्या मारायला लागली, दुखऱ्या गुडघ्यांसकट. तिसऱ्या का चौथ्या उडीला कट्टकन आवाज आला. आम्हाला वाटलं गुडघा गेला. पण इंजिन हललं होतं, नळी निसटली होती आणि ओदीलचा अंगठा मध्ये सापडला होता.

आमच्याकडे शिव्या देतात त्या चर्चमधल्या वस्तूंच्या. ओदीलने वेदीवरच्या संदुकीपासून सुरुवात केली, प्याला घेतला, पवित्र भाकरी घेतली, मेणबत्त्यांच्या दांड्याही सोडल्या नाहीत. फादर शांतपणे ऐकत होते. तिचा दम संपल्यावर म्हणाले, "मला आलो तेव्हा वाटायचं, तुम्हा लोकांनी चर्च सोडलं. तसं नाहीये. तुम्ही फक्त सगळं सामान घरी आणलंत."

मग पुढची पंचाईत. आफीने विचारलं, "डिस्ट्रिब्युटर दाखवा."

"कसा असतो तो?" ओदील म्हणाली.

"काळी टोपी. टोपीवर शिंगांसारखे खुंट."

ओदीलने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तो गंजक्या लोखंडांच्या बादलीतून कचऱ्यात गेला होता, आणि त्यावर आता अख्ख्या तालुक्याचा हिवाळ्यातला कचरा होता. दोन आठवडे ओदील कुणाशी धड बोलली नाही. शेवटी नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या मळणीयंत्रात तसलंच इंजिन निघालं. त्याचे, त्याच्या बायकोचे आणि सासूचे केस कापून ओदीलने त्यातला डिस्ट्रिब्युटर सोडवून आणला. सासूचे केस फार बरे झाले नाहीत असं ती स्वतःच सांगते, पण म्हातारीने मान स्थिर ठेवली नाही.

गाडीचा तळ कुजून गेला होता. लाकूड हवं होतं, जाड आणि वाळलेलं. फादरांना आठवलं की चर्चच्या मागच्या खोलीत पापनिवेदनाच्या दोन जुन्या कोठड्या पडून आहेत, अस्सल ओकच्या. चर्चच्या समितीवर आम्ही चौघं, त्यात मी आणि लाझार. विषय निघताच लाझार उभा राहिला.

"पापनिवेदनाच्या जागेवर पाय ठेवून लोक बसणार? हा देवाचा अपमान आहे. उद्या कुणाला पाप कबूल करायचं असेल तर त्याने जायचं कुठे?"

"तू शेवटचं कधी केलं होतंस?" मी विचारलं.

लाझारने आठवून पाहिलं. "लग्नाच्या आधी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर वेळ मिळाला नाही."

तीन विरुद्ध एक मतांनी कोठड्या गाडीत गेल्या. एकीचा तळ झाला, दुसरीचे बाक. जिथे फादर कान लावायचे ती जाळी ओदीलने इंजिनावर बसवली, हवा खेळायला. आत अजूनही मेणाचा आणि जुन्या कोटांचा वास येतो.

ऑगस्टमध्ये एका दमट दुपारी इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग काळा धूर सोडला, मग असं काही गरजलं की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी वाजली. मी धावत गेले. फादर फोन डोक्यावर धरून नाचत होते, फोनमध्ये आफी आणि तिचे चार मेकॅनिक टाळ्या वाजवत होते. ओदील मात्र रेआलच्या खुर्चीसमोर उभी होती. शनिवारी तो जिच्यात बसायचा ती, फाटक्या गादीची.

"बघितलंस?" ती खुर्चीला म्हणत होती. "बघितलंस, गाढवा? होत होतं. होण्यासारखं होतं."

फादरांनी इंजिन बंद केलं. ओदील त्या खुर्चीत बसली आणि खूप रडली. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. जरा वेळाने ती म्हणाली, "मला वाटायचं, फार अवघड असेल, म्हणून करत नसेल. अवघड असतं तर मी त्याला माफ केलं असतं, युगेत. हे तर एका न्हाविणीने आणि एका पाद्र्याने केलं. त्याला यात बसून तळ्यावर जाता आलं असतं. मला घेऊन जाता आलं असतं." रेआलला मी चाळीस वर्षं ओळखत होते. तो आळशी नव्हता. त्याला बहुतेक गाडीपेक्षा शनिवार जास्त आवडायचा. पण हे त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

आता राहिले फक्त मागचे रबरी पट्टे. ते नव्हतेच. रेआल सांगायचा, बाबांच्या वेळीच हरवले. ओदीलने दूरदूर फोन केले, कुठे मिळेनात. डिसेंबर आला. फादर नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी गवत आणायला लाझारकडे गेले, खरा गोठा त्याच्याकडेच होता म्हणून, आणि परत येताना ओदीलकडे कॉफीला थांबले.

"लाझारने जळाऊ लाकडं वर चढवायला काय सुंदर सरकता पट्टा बनवलाय," ते म्हणाले. "रबराचा. त्यावर लोखंडी आडव्या पट्ट्या."

ओदीलने कप खाली ठेवला. आम्ही दोघी तशाच, कोटाची बटणं लावत, लाझारच्या गोठ्यात गेलो. तो लाकडं चढवत होता. आम्हाला बघून त्याने मोटार बंद केली आणि टोपी काढली, जणू आम्ही मयताला आलो आहोत.

"केव्हापासून?" ओदीलने विचारलं.

"बाबा गेले तेव्हापासून." तो टोपी हातात फिरवत होता. "गाडी त्यांनी रेआलला दिली. मला काय दिलं? त्यांचं घड्याळ. तेही बंद. मी म्हटलं, पट्टे तरी माझे."

"रेआलला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यात कळलं त्याला. इथेच उभा होता. बघितलं, लाकडं चढवायला मला मदत केली आणि गेला. मागितले नाहीत कधी. मागितले असते तर मी दिले असते, वहिनी. मी वाटच बघत होतो."

"आणि दर शनिवारी येऊन तुम्ही दोघं त्या ताडपत्रीखाली काय बघायचात?"

लाझारने पट्ट्यावरचं एक लाकूड उचललं आणि परत तिथेच ठेवलं. मला वाटलं, आता वेदीवरचं सगळं सामान बाहेर येणार. पण ती थकल्या आवाजात एवढंच म्हणाली, "तुझ्या आईने दोन मुलगे वाढवले की दोन खांब, देव जाणे. काढ ते पट्टे."

"एका अटीवर," लाझार म्हणाला. "पहिल्यांदा मी चालवणार. बाबांच्या शेजारी बसून शिकलोय मी."

जानेवारीत पट्टे चढले. आफीने रेडिएटरमध्ये पाणी भरायला सांगितलं तेव्हा ओदीलने फोन दाराबाहेर धरून तिला थर्मामीटरवरचा शून्याच्या खूप खालचा आकडा दाखवला. आफी फादरांना म्हणाली, "बोनी, तू घरी परत ये." ओदीलने न गोठणारं द्रव्य भरलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अख्खं गाव गोठलेल्या तळ्यावर आलं. ठरल्याप्रमाणे लाझार चालवायला बसला, कोटावर वडिलांचं बंद घड्याळ लटकवून. शेजारी ओदील. मागे मी आणि फादर, एका अर्ध्या कोठडीवर. गाडी सुटली ती झकास सुटली. बर्फ दोन्ही बाजूंना उडत होता, पोरं मागे धावत होती, फादर लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटत होते. तळ्याच्या मध्यावर बर्फाला भोक पाडून मासे पकडणाऱ्यांच्या लाकडी झोपड्या होत्या. आम्ही सरळ त्यांच्याकडे निघालो होतो.

"वळव," ओदील म्हणाली.

"वळवतोय."

"कुठे वळवतोयस?"

"चाक फिरवलंय. ती वळत नाहीये."

"मग पाय काढ."

"कुठल्यावरून?"

झोपड्यांतली माणसं गळ टाकून पळाली. पहिली झोपडी आम्ही थोडक्यात चुकवली. दुसरी चुकवली नाही. फळ्या उडाल्या, शेगडी घरंगळत गेली, आणि गाडी बर्फाच्या एका उंचवट्यावर नाक वर करून बंद पडली. कुणाला काही झालं नव्हतं. समोरच्या काचेवर एक ट्राउट मासा आपटला होता आणि तिथेच चिकटून हळूहळू गोठत होता.

लाझारने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बाबांनी मला कधी चालवू दिली नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. फक्त रेआलला."

ज्याची झोपडी मोडली तो बाहेर शिव्यांत वेदीपासून सुरुवात करून मेणबत्त्यांपर्यंत पोचला होता.

"सरक," ओदील म्हणाली.

तिने इंजिन चालू केलं, गाडी मागे घेतली, स्की सरळ केल्या. सुरुवातीला तीही वेडीवाकडीच गेली. मग तिला अंदाज आला की ही लांबूनच वळवायला लागते, नवऱ्याला एखाद्या गोष्टीवर आणावं तशी. तळ्याची लांबच लांब फेरी मारून ती परत आली तेव्हा लाझार तिच्या शेजारी ताठ बसून दोन्ही बाजूंच्या लोकांना हात हलवत होता, जणू सगळं त्यानेच केलंय. झोपडी त्याने पुढच्या आठवड्यात स्वतः बांधून दिली. आधीपेक्षा बरी झाली म्हणतात.

ओदीलने गाडी विकली नाही. शहरातल्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला ठेवायची होती. तिने त्याला केक खाऊ घातला आणि परत पाठवलं. आता दर गुरुवारी ती कात्र्या, टॉवेल आणि केस धुण्याचं भांडं घेऊन निघते. वरच्या वस्त्यांवर अशा म्हाताऱ्या आहेत ज्यांना हिवाळ्यात खाली येता येत नाही. फादर बरोबर असतात. आधी केस, मग ख्रिस्तप्रसाद. हा क्रम म्हाताऱ्यांनीच ठरवला आहे, देवासमोर विस्कटलेल्या केसांनी बसायचं नाही म्हणून. लाझार इंधन भरतो आणि पट्टे तपासतो. ओदील त्याला तळ्यावर चालवायला देते, पण हिवाळ्याच्या शेवटी झोपड्या उचलून नेल्यानंतरच.

गेल्या फेब्रुवारीत मीही गेले होते. सगळ्यात वरच्या वस्तीवर इमेल्दा रुआ राहते, नव्वदीच्या पुढची. तिचे केस झाले, प्रसाद झाला, तरी ती खिडकीतून गाडीकडे बघत राहिली.

"मला बसव त्यात," ती म्हणाली.

आम्ही तिला दोन गोधड्यांत गुंडाळून गोल खिडकीजवळ बसवलं. ओदीलने शेताभोवती एक चक्कर मारली, सावकाश, बर्फ जिथे सपाट होता तिथून.

"कसं वाटतंय, इमेल्दा?" ओदीलने मान वळवून विचारलं.

"तुझा सासरा फार वाईट चालवायचा," इमेल्दा म्हणाली. "शाळेत पोचेपर्यंत आम्ही सगळी पोरं ओकायचो. तू बरी आहेस." मग बाहेर बघत म्हणाली, "पण एवढी हळू का चालवतेस गं? मला काही होणार आहे का आता?"

ओदीलने पाय दाबला.